हरभऱ्यासाठी जैविक निविष्ठा: पाकीट घेण्यापासून घाटे भरेपर्यंत

सोयाबीन निघून रान मोकळे झाले की मराठवाड्यात आणि विदर्भात हरभऱ्याच्या पेरणीची लगबग सुरू होते. गेल्या काही वर्षांत बियाण्याच्या पिशवीबरोबर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी), रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतील नत्र देणारा जिवाणू) आणि पीएसबी (जमिनीत अडकलेला स्फुरद मोकळा करणारे जिवाणू) यांची पाकिटे किंवा बाटल्याही घरोघरी येऊ लागल्या आहेत, आणि ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्यांतील बरीच वाया जातात. प्रत्येक वेळी माल खराब असतो असे नाही. रासायनिक औषध जसे हाताळतात तशीच ही पाकिटे हाताळली जातात, हे त्याचे मोठे कारण आहे. पाकिटात असतो तो जिवंत जिवाणू किंवा जिवंत बुरशी, आणि तिचे वागणे घरातल्या विरजणासारखे असते. उकळत्या दुधात आपण विरजण लावत नाही, आठवडाभर उन्हात राहिलेले विरजण वापरत नाही, आणि ते लागले की नाही हे सकाळी झाकण काढून पाहतो. हरभऱ्याच्या जैविक निविष्ठांना हीच तीन पथ्ये लागू पडतात.

हरभराच निवडण्याचे कारण असे की या एका पिकात जैविक निविष्ठांचे तिन्ही उपयोग एकत्र पाहायला मिळतात. मर रोगाविरुद्ध बुरशी, नत्र आणि स्फुरदासाठी जिवाणू, आणि घाटे म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा पोखरणाऱ्या घाटेअळीविरुद्ध विषाणू. शिवाय हे पीक कमी पाण्याचे आणि कमी खर्चाचे असल्यामुळे ज्याला जैविक पद्धतीचा पहिला अनुभव घ्यायचा आहे, त्याने तो येथे घेतला तर जोखीम बेताची राहते.

खरेदी करताना

दुकानात "जैविक" या एकाच नावाखाली ज्या वस्तू मिळतात, त्या कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या वर्गांतील आहेत. रायझोबियम आणि पीएसबी ही जैविक खते असून ती १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतात. ट्रायकोडर्मा आणि घाटेअळीचा विषाणू ही जैविक कीडनाशके असून त्यांना १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या नोंदणी समितीकडे नोंदणी लागते. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल यांसारखी वाढ चांगली करणारी जैव उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आली. हा फरक ग्राहकाच्या उपयोगाचा आहे. ज्या बाटलीवर कीड किंवा रोग घालवण्याचा दावा आहे, परंतु कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी क्रमांक नाही, ती बाटली परत ठेवावी. "संपूर्ण जैविक" म्हणून विकलेल्या काही औषधांत रासायनिक कीटकनाशक मिसळलेले आढळल्याचे प्रकार घडले आहेत. फवारल्यानंतर दोन तासांत अळ्या पटापट गळून पडू लागल्या, तर आनंद मानण्याआधी शंका घ्यावी, कारण विषाणू किंवा बुरशी इतक्या लवकर काम करत नाही.

वेष्टनावर चार गोष्टी पाहाव्यात: सूक्ष्मजीवाचे नेमके नाव, त्याची संख्या, बॅच क्रमांक आणि अंतिम तारीख. पावडर स्वरूपातील रायझोबियमच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात आणि द्रवरूप उत्पादनाच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी, असे प्रमाण ठरलेले आहे. ट्रायकोडर्माच्या पावडरसाठी ते एका ग्रॅमला किमान २० लाख इतके आहे. हा आकडा तयार झाल्या दिवशीचा नसून अंतिम तारखेपर्यंत टिकावा अशी अपेक्षा असते, आणि तो टिकणे साठवणुकीवर अवलंबून असते. म्हणून दुकानातील पाकिटे कुठे ठेवली आहेत हे निःसंकोच पाहावे. दर्शनी काचेजवळ ऊन खात पडलेला माल तारखेत असला तरी घेऊ नये. शक्य असेल तर राहुरी, परभणी किंवा अकोला येथील कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून, अथवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून ताजा माल आणावा. कोठूनही घेतला तरी बॅच क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे. त्याशिवाय पुढे तक्रार उभी राहत नाही.

येथे एक चूक सांगणे आवश्यक आहे, कारण ती दर वर्षी पाहायला मिळते. जून महिन्यात सोयाबीनसाठी आणलेल्या रायझोबियमची दोन पाकिटे शिल्लक राहतात, त्यांची तारीखही संपलेली नसते, आणि ऑक्टोबरमध्ये तीच हरभऱ्याला चोळली जातात. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू वेगळा आणि हरभऱ्याचा वेगळा. एकाचे पाकीट दुसऱ्याच्या कामाचे नाही. पाकिटावर "हरभरा" असे पीक छापलेले असले पाहिजे. नुसते "कडधान्यांसाठी" लिहिलेले पुरेसे नाही.

घरी आणल्यावर पाकिटे थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावीत. जमिनीवर ठेवलेला माठ आणि त्यावर ओले बारदान ही जुनी व्यवस्था पुरेशी चांगली आहे. पाकिटे माठाबाहेर, पण त्या गारव्याला ठेवावीत. मी एका वर्षी हीच पाकिटे पत्र्याच्या शेडमधील फळीवर आठ दिवस राहू दिली. ऑक्टोबरच्या उन्हात तो पत्रा दुपारी हात लावू देत नाही. त्या वर्षी बीजप्रक्रिया, म्हणजे पेरण्याआधी बियाण्याला हे चोळण्याचे काम, अगदी नियमाने केली, परंतु चाळीस दिवसांनी झाडे उकरली तेव्हा चोळलेल्या आणि न चोळलेल्या बियाण्याच्या तासांत (पेरणीच्या ओळींत) काहीही फरक नव्हता. विरजण फळीवरच मेले होते.

ट्रायकोडर्मा जिवंत आहे की नाही याची ढोबळ चाचणी घरी करता येते. शिजवून गार केलेला थोडा मोकळा भात दोन स्वच्छ काचेच्या बरण्यांत घ्यावा, एकीत चिमूटभर पावडर मिसळावी, दुसरीत काहीच घालू नये, आणि दोन्ही सैल झाकून सावलीत ठेवाव्यात. चार-पाच दिवसांत पहिल्या बरणीत आधी पांढरी आणि मग गर्द हिरवी बुरशी दाट पसरली पाहिजे. दुसरी बरणी ठेवणे गरजेचे आहे, कारण भातावर हवेतल्या बुरशीही येतात आणि त्यांतील काही हिरव्याच असतात. दोन्ही बरण्या सारख्याच दिसल्या, तर पावडरीवर भरवसा ठेवू नये. तपासलेला भात पुरून टाकावा आणि हात धुवावेत.

मर रोगाची तयारी पेरणीच्या आधी

हरभऱ्याची मर फ्युझेरियम नावाच्या जमिनीतील बुरशीमुळे होते. ती मुळातून शिरते आणि अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. हिरवे झाड माना टाकते, आणि त्याचे खोड उभे चिरले तर आत काळपट-तपकिरी रेषा दिसते. ही बुरशी पीक नसतानाही जमिनीत सुमारे सहा वर्षे टिकून राहते. त्यामुळे झाड मरू लागल्यावर बुडाशी कितीही ट्रायकोडर्मा ओतला तरी ते झाड परत उठत नाही. ट्रायकोडर्मा आधीच मुळाभोवती जागा धरून बसला, तरच तो फ्युझेरियमचे अन्न पळवतो, त्याच्या तंतूंना वेढे घालून ते विरघळवतो आणि झाडाला वाचवतो. म्हणजे हे काम पेरणीच्या पंधरा दिवस आधी सुरू करायचे आहे.

त्यासाठी पूर्ण कुजलेले १०० किलो शेणखत सावलीत पसरावे, त्यात १ किलो ट्रायकोडर्मा नीट मिसळावा, मुठीत दाबल्यावर लाडू व्हावा पण पाणी गळू नये इतकी ओल ठेवावी आणि ढीग ओल्या बारदानाने झाकावा. तीन-चार दिवसांनी खालीवर करावा. दहा-पंधरा दिवसांत शेणखतावर हिरवट झाक दिसू लागते. हे खत शेवटच्या पाळीच्या वेळी, वाफशावर, शक्यतो सायंकाळी रानात पसरून लगेच मातीआड करावे. अर्धवट कुजलेल्या, अजून गरम असलेल्या शेणखतात ही क्रिया करू नये. त्यातली उष्णता बुरशीला मारते, आणि तसे खत रानात गेले तर मुळे खाणाऱ्या हुमणी अळीलाही निमंत्रण मिळते.

ज्या रानात मागील हरभऱ्यात मोठ्या प्रमाणावर मर आली होती, तेथे केवळ ट्रायकोडर्मावर अवलंबून राहणे मला योग्य वाटत नाही. तेथे विजय, दिग्विजय किंवा जॅकी ९२१८ यांसारखे मर प्रतिकारक वाण घ्यावेत आणि निदान तीन वर्षे त्या तुकड्यात हरभरा घेऊ नये. जैविक निविष्ठा वाणाची आणि फेरपालटाची जागा भरून काढत नाहीत.

बीजप्रक्रियेचा दिवस

पेरणीच्या दिवशीच सकाळी ही प्रक्रिया करावी. एका एकरासाठी विजयसारख्या मध्यम दाण्याच्या वाणाचे साधारण २८ किलो बियाणे लागते. त्याला ट्रायकोडर्मा किलोमागे ५ ग्रॅम म्हणजे १४० ग्रॅम, आणि रायझोबियम व पीएसबी यांचे प्रत्येकी १० किलो बियाण्याला एक या हिशोबाने २५० ग्रॅमची तीन-तीन पाकिटे पुरतात. द्रवरूप संवर्धनाची (बाटलीतील जिवंत सूक्ष्मजीवांच्या उत्पादनाची) मात्रा उत्पादनानुसार बदलते, म्हणून ती बाटलीवर दिली असेल तीच घ्यावी.

आदल्या रात्री १ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून ठेवावा आणि सकाळपर्यंत तो पूर्ण गार होऊ द्यावा. कोमट गुळवणीही चालत नाही. पाणी विहिरीचे घ्यावे. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने जिवाणू कमी होतात.

सावलीत ताडपत्री पसरून त्यावर बियाण्याचा पातळ थर करावा. पहिल्यांदा ट्रायकोडर्मा अगदी थोड्या गुळवणीत कालवून बियाण्यावर शिंपडावा आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत दाणे घेऊन हलक्या हाताने खालीवर करावेत. रगडायचे नाही. हरभऱ्याचे साल पातळ असते, पाणी जास्त झाले आणि हात जड पडला की साल सुटते आणि दाण्याची दोन दळे होतात. तो दाणा मग कोणत्याच संवर्धनाने उगवत नाही. दाण्यावर एकसारखा मातकट लेप दिसला आणि हाताला ओल लागली पण पाणी लागले नाही, म्हणजे प्रमाण जमले. अर्धा तास सावलीत सुकू दिल्यावर उरलेल्या गुळवणीत रायझोबियम आणि पीएसबी कालवून त्याच पद्धतीने दुसरा लेप द्यावा. पुन्हा सावलीत तासभर सुकवून लगेच पेरावे. उन्हाने दाणे लवकर वाळतात हे खरे, पण त्याबरोबर जिवाणूही मरतात.

क्रम असाच ठेवण्याचे कारण असे की बियाण्याच्या अगदी लगत संरक्षक बुरशी असावी आणि मूळ बाहेर पडताच जिवाणू हाताशी असावेत. रासायनिक बुरशीनाशक वापरायचेच असेल, तर ते सर्वांत आधी द्यावे लागते. परंतु कार्बेन्डाझिम लावलेल्या बियाण्यावर ट्रायकोडर्मा लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे, कारण ते बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही बुरशी म्हणूनच मारते. पिशवीतील बियाणे रंगीत दिसले तर त्यावर आधीच औषध चढलेले आहे, असे समजावे. अशा वेळी ट्रायकोडर्मा फक्त शेणखतातून द्यावा, आणि रायझोबियम बियाण्याला लावायचे असेल तर दुप्पट मात्रेने अगदी पेरणीच्या तोंडावर लावावे, किंवा बारीक शेणखतात मिसळून पेरणीच्या ओळीत पडेल अशी व्यवस्था करावी.

पेरणी यंत्राच्या खताच्या पेटीत डीएपी (नत्र-स्फुरदाचे रासायनिक खत) आणि बियाण्याच्या पेटीत लेप दिलेला हरभरा असावा. दोन्ही एकत्र करू नयेत. खताच्या क्षारांचा जिवाणूंवर थेट परिणाम होतो. युरियाचा मोह तर अजिबात धरू नये. मुळाला आयता नत्र मिळाला की ते गाठी धरण्यात ताकद घालत नाही. पीएसबीबद्दलही एक गैरसमज आहे. हे जिवाणू नवा स्फुरद निर्माण करत नाहीत; आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत अडकून बसलेला स्फुरद आम्ले सोडून मोकळा करतात. त्यामुळे स्फुरदाचे खत पूर्ण बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही.

पेरताना चार तास, म्हणजे चार ओळी, बीजप्रक्रिया न केलेल्या बियाण्याची पेरावीत आणि बांधावर खुंटी ठोकून ती ओळखता येतील असे करावे. ती तास आधी पेरावीत, म्हणजे यंत्राला चिकटलेले संवर्धन त्यांत जात नाही. पुढचे सगळे निर्णय या चार तासांवर अवलंबून आहेत.

चाळीसाव्या दिवशी खुरपे घेऊन

पीक ३५ ते ४५ दिवसांचे झाले की रानातील पाच-सहा ठिकाणची झाडे खुरप्याने मातीच्या गड्ड्यासह काढावीत. झाड धरून उपटले तर गाठी मातीतच तुटून राहतात आणि गाठी नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघतो. गड्डा बादलीतल्या पाण्यात पाच मिनिटे बुडवून माती सुटू द्यावी. मुख्य मुळावर, वरच्या भागात, ठसठशीत गाठी दिसल्या पाहिजेत. एक गाठ नखाने फोडून पाहावी. आतला भाग गुलाबी किंवा लालसर असेल तर ती गाठ हवेतील नत्र पकडत आहे. तो रंग आपल्या रक्तातील द्रव्याशी नाते असलेल्या लेगहिमोग्लोबिनचा असतो. आत पांढुरके किंवा हिरवट असेल तर गाठ आहे, पण काम करत नाही. फुलोऱ्यानंतर घाटे भरू लागले की गाठी हिरवट-तपकिरी होऊन गळतात. तो दोष नव्हे.

खुंटीच्या चार तासांतील झाडेही त्याच वेळी उकरून शेजारी ठेवावीत. तिथेही तितक्याच लाल गाठी असतील, तर आपल्या जमिनीत हरभऱ्याचे जिवाणू आधीच पुरेसे आहेत असा अर्थ होतो, आणि पुढच्या वर्षी त्या रानात ही निविष्ठा घेतली नाही तरी चालेल. दर वर्षी हरभरा असलेल्या रानात हे दिसू शकते. विक्रेता हे सांगणार नाही, मूळ सांगते.

घाटेअळीचा विषाणू

घाटेअळी अनेक रासायनिक कीटकनाशकांना सरावलेली आहे. १९८७ मध्ये आंध्र प्रदेशातील कापसावर तिने पायरेथ्रॉइड गटातील औषधांना दाद दिली नाही, आणि त्यानंतर देशभरातील शेतकऱ्यांना तो अनुभव येत गेला. तिच्यावर निसर्गात येणारा एचएएनपीव्ही हा विषाणू माणसाला, जनावरांना, मधमाश्यांना आणि मित्रकीटकांना अपाय करत नाही. तो फक्त या अळीवर चालतो, त्यामुळे इतर किडींसाठी त्याचा उपयोग नाही.

वेळ साधणे हा येथील खरा प्रश्न आहे. विषाणू अळीच्या पोटात गेला पाहिजे, आणि अळी लहान असली पाहिजे. त्यासाठी कळी लागण्याच्या सुमारास एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावावेत आणि वीस पक्षीथांबे (पक्ष्यांना बसायला काठ्या) रोवावेत. सलग दोन-तीन रात्री एका सापळ्यात आठ-दहा पतंग आले किंवा एक मीटर लांबीच्या तासात एक-दोन लहान अळ्या दिसल्या की तयारी करावी. साधारण निम्मी झाडे फुलोऱ्यात असताना पहिली फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काची करावी. त्यासाठी ५ किलो निंबोळी पूड रात्रभर ९-१० लिटर पाण्यात भिजवावी आणि सकाळी गाळून द्रावण १०० लिटर करावे. त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी विषाणूची फवारणी घ्यावी.

विद्यापीठाच्या शिफारशीनुसार हेक्टरी ५०० मिली एचएएनपीव्ही, म्हणजे एकरी २०० मिली, २०० लिटर पाण्यातून फवारतात. पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपाला १५ मिली येते. त्यात कपड्यांना घालतात ती राणीपालची पूड एकरी ८० ग्रॅम आणि चिकट द्रव मिसळतात. ही पूड का, असा प्रश्न अनेकांना पडतो. सूर्यकिरणांतील अतिनील भाग या विषाणूला काही तासांत निकामी करतो, आणि राणीपाल तो भाग शोषून घेते. याच कारणाने फवारणी सायंकाळी चारनंतर करावी, म्हणजे अळी रात्रभर विषाणू खाते. पंप तणनाशकाला वापरलेला असेल तर तो आधी स्वच्छ धुवावा.

दुसऱ्या दिवशी काहीही दिसत नाही, आणि येथेच धीर सुटून अनेक जण रासायनिक फवारा मारतात. तीन-चार दिवसांनी अळी खाणे कमी करते, तिचा रंग फिका आणि अंग तुकतुकीत होते. पाच ते सात दिवसांत ती शेंड्याकडे चढते आणि मागच्या पायांनी डहाळी धरून डोके खाली करून लोंबकळत मरते. नुसता स्पर्श झाला तरी कातडी फुटून मातकट द्रव गळतो. त्या थेंबात कोट्यवधी विषाणूकण असतात आणि ते खालच्या पानांवर पडून इतर अळ्यांच्या पोटात जातात. अशा अळ्या दिसल्या की फवारणी लागू पडली असे समजावे आणि त्या झाडावरच राहू द्याव्यात. अळ्या दोन सेंटीमीटरहून मोठ्या होऊन घाट्यांत तोंड घालून बसलेल्या असतील आणि संख्या नुकसानीच्या पातळीवर असेल, तर मात्र विषाणूची वाट पाहू नये. त्या टप्प्यावर विद्यापीठाने शिफारस केलेले रासायनिक कीटकनाशक एकदा वापरणे हाच शहाणपणाचा निर्णय आहे.

ट्रायकोग्रामाच्या, म्हणजे किडींच्या अंड्यांवर जगणाऱ्या चिमुकल्या कीटकाच्या, कार्डांविषयीही विचारणा होते. ऊस आणि कापसावर चांगले काम करणारा हा परजीवी हरभऱ्यावर फारसा टिकत नाही. पहाटे दवाबरोबर हरभऱ्याच्या पानांवर जी आंब येते, जी गोळा करण्यासाठी जुनी माणसे पिकावरून पांढरे फडके फिरवत असत, ती आम्लयुक्त असते आणि तिच्यामुळे हा चिमुकला कीटक पानावर नीट वावरू शकत नाही. हरभऱ्यात त्यावर खर्च करू नये.

काढणीच्या वेळी खुंटीची चार तास वेगळी कापून, वेगळी मळून तोलावीत आणि त्यांच्या शेजारची बीजप्रक्रिया केलेली चार तासही तशीच तोलावीत. दोन्ही वजने, वाणाचे नाव, पाकिटांचे बॅच क्रमांक आणि चाळीसाव्या दिवशी पाहिलेल्या गाठींचा रंग एका वहीत लिहून बिल त्याच पानाला टाचावे, म्हणजे पुढच्या सप्टेंबरमध्ये दुकानात जाताना कोणते पाकीट पुन्हा आणायचे हे त्या पानावरून ठरवता येईल.